विद्यापीठांचा प्रश्नसंग्राम



भेंड्यांचा खेळ ज्या घरांत कधींच झाला नाहीं असें मराठी घर विरळाच. पावसाळ्याची रात्र, दिवे गेलेले, माजघरांत दोन पक्ष समोरासमोर बसलेले. एका पक्षानें कविता म्हणावी आणि तिच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानें दुसरी उचलावी. ज्याच्यापाशीं पाठांतराचा सांठा मोठा तो पक्ष जिंकणार, असें कोणासहि वाटेल. पण प्रत्यक्षांत घरांतील सर्वांत विद्वान माणूस पुष्कळदां हरे, आणि चौथी-पांचवींतील एखादी परकरी पोर त्याच्यावर भेंडी चढवून मोकळी होई. विद्वानास कविता येत नसे असें नव्हे. ती त्यास वेळेवर आठवत नसे. एखादी गोष्ट माहीत असणें आणि ती नेमक्या क्षणीं जिभेवर येणें, ह्या दोहोंमध्यें मोठें अंतर आहे. आज मी ज्या स्पर्धेची हकीगत सांगणार आहें, तिची सारी गंमत, आणि तिच्यावरून झालेले सारे तंटेहि, ह्या अंतरांतूनच निघालेले आहेत.

ही स्पर्धा म्हणजे दोन विद्यापीठांमधील प्रश्नसंग्राम. दोन्ही बाजूंस चार चार विद्यार्थी, मध्यें एक प्रश्नकर्ता, प्रत्येकाच्या हाताशीं एक कळ. प्रश्न कानीं पडतांच ज्याची कळ आधीं वाजेल त्यानें उत्तर द्यावयाचें. एवढ्याशा सामग्रीवर अमेरिकेनें अकरा वर्षें, आणि मधलीं सात वर्षें वगळतां इंग्लंडनें १९६२ पासून आजतागायत, आपल्या प्रेक्षकांस दूरचित्रवाणीपुढें बसवून ठेवलें आहे.

तिचें मूळ मात्र विद्यापीठांत नाहीं. तें लष्कराच्या छावणींत सांपडतें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकन सैनिकांच्या करमणुकीची व्यवस्था यू. एस. ओ. ही संस्था पाहत असे. लढाईवर जाण्याची वाट पाहत बसलेल्या तरुणांचें मन कशांत तरी गुंतवावें, एवढाच तिचा हेतु. गाणीं, नाच, नकला यांबरोबर डॉन रीड ह्या गृहस्थांनीं तेथें प्रश्नोत्तरांचा एक खेळ चालू केला. युद्ध संपलें, शिपाई घरीं परतले, पुष्कळ जण सरकारी खर्चानें महाविद्यालयांत दाखल झाले. आणि तो खेळहि कांहीं वर्षांनीं त्यांच्यामागून महाविद्यालयांत शिरला. १९५३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या १० तारखेस एन. बी. सी. ह्या नभोवाणी कंपनीनें पहिला सामना प्रक्षेपित केला. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठानें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठास १३५ विरुद्ध ६० गुणांनीं हरविलें. कार्यक्रमाचें नांव ‘कॉलेज बाउल’. बाउल म्हणजे वाडगा. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामाअखेर महाविद्यालयांचे निवडक संघ ज्या वाटोळ्या, खोलगट क्रीडांगणांत झुंजत, त्यांच्या आकारावरून त्या सामन्यांनाच बाउल म्हणण्याचा प्रघात पडला होता. फुटबॉलसाठीं घसा कोरडा करणारा विद्यार्थीसमाज पुस्तकासाठींहि तो करील काय, हा प्रश्न त्या नांवांतच होता.

नभोवाणीवरील त्या सामन्यांची एक मौज आपण श्रोत्यांनीं तरी ध्यानांत घेण्यासारखी आहे. दोन्ही संघ एका जागीं येतच नसत. प्रत्येक संघ आपापल्या गांवीं, आपल्याच महाविद्यालयाच्या सभागृहांत, सहाध्यायांच्या गर्दीपुढें बसे. प्रश्नकर्ते ॲलन लडन न्यूयॉर्कच्या ध्वनिगृहांत. तिन्ही ठिकाणें तारांनीं जोडलेलीं. शेंकडों मैलांवरचा प्रतिस्पर्धी दिसत नाहीं, त्याच्या मागें बसलेल्या मुलांचा ओरडा तेवढा कानीं येतो आहे, आणि आपली कळ त्याच्या आधीं वाजली कीं नाहीं हें कोणी तिसराच सांगतो आहे! पुढें दूरचित्रवाणी आली आणि आठहि जण एका छताखालीं बसूं लागले. सोय झाली खरी. पण ती अदृश्य शत्रूशीं चाललेली लढाई संपली.

दूरचित्रवाणीवर हा खेळ ४ जानेवारी १९५९ रोजीं आला. मुहूर्त मोठा विलक्षण होता. त्या आधींचीं तीन-चार वर्षें अमेरिकेंत मोठ्या रकमांच्या प्रश्नस्पर्धांचें वेड शिगेस पोहोंचलें होतें. एक सामान्य माणूस कांचेच्या बंद कोठडींत उभा राहतो, कपाळावरचा घाम टिपतो, अवघड प्रश्नाचें उत्तर देतो, आणि हजारों डॉलर घेऊन घरीं जातो, हें दृश्य पाहण्यासाठीं कोट्यवधि लोक आपलीं कामें आटोपून बसत. ‘ट्वेंटी-वन’ ह्या स्पर्धेंत हर्बर्ट स्टेम्पेल नांवाचा एक तरुण आठवड्यामागून आठवडे जिंकत होता. चालकांस त्याचा चेहरा आतां नकोसा झाला होता. त्याच्या जागीं त्यांनीं चार्ल्स व्हॅन डोरेन यांस आणण्याचें ठरविलें. हे कोलंबिया विद्यापीठांत इंग्रजी शिकवीत. मार्क व्हॅन डोरेन ह्या मान्यवर कवीचे चिरंजीव. दिसावयास देखणे, बोलावयास गोड. १९५६ च्या डिसेंबरांत स्टेम्पेलला विचारण्यांत आलें, गेल्या वर्षीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें पारितोषिक कोणत्या चित्रपटास मिळालें? उत्तर होतें ‘मार्टी’. तो चित्रपट त्याच्या विशेष आवडीचा होता. तें उत्तर त्यास झोपेंतहि देतां आलें असतें. पण चुकावयाचें असें त्यास आधींच बजावून ठेवलेलें होतें, आणि तो चुकला.

व्हॅन डोरेन पुढें १,२९,००० डॉलर जिंकून देशभर गाजले. प्रश्न आणि उत्तरें त्यांस आधीं मिळत होतीं. कोठें अडखळावयाचें, कोठें आठवल्यासारखें करावयाचें, याचीहि तालीम होत होती. हें सर्व त्यांनीं स्वतःच २ नोव्हेंबर १९५९ रोजीं अमेरिकन लोकसभेच्या समितीपुढें कबूल केलें. त्यांची विद्यापीठांतली जागा गेली. १९६० सालीं अशी लबाडी करणें हा कायद्यानें गुन्हा ठरला. एका अध्यापकानें हें करावें, याची चुटपुट लोकांस पैशांपेक्षां अधिक लागली असावी. आपल्याकडे समर्थांनीं पढतमूर्खाचीं लक्षणें सांगतांना एक सबंध समास खर्च केला आहे. परंतु न पढलेलें पढल्यासारखें दाखविणारा हा प्रकार त्यांच्याहि नजरेस आला नसेल.

ह्या धुळवडींत महाविद्यालयांचा हा साधा खेळ लोकांच्या विश्वासास उतरला तो कां? माझ्या मतें त्याचें एक कारण पैशाच्या वांटणींत आहे. जिंकणाऱ्या संघास १,५०० डॉलर मिळत, हरणाऱ्यास ५००. आणि तेहि विद्यार्थ्याच्या खिशांत न पडतां त्याच्या महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीनिधींत जमा होत. सलग पांच सामने जिंकले कीं संघानें अजिंक्य म्हणून निवृत्त व्हावयाचें. एकच चेहरा महिनोन्महिने मिरवण्याची सोय नाहीं. ह्या व्यवस्थेंत लबाडीला जागाच नव्हती असें मी म्हणत नाहीं, पण लबाडी करून एकट्यादुकट्याच्या पदरांत पडावयाचें काय? शिवाय हीं मुलें खरोखरच अडत, चुकत, एकमेकांकडे केविलवाणीं पाहत. अभिनय केलेलें अज्ञान आणि खरें अज्ञान यांतला फरक प्रेक्षकास लवकर कळतो.

ह्या अमेरिकन पर्वांतील एकच सामना सांगून मी पुढें जातों. १९६६ सालच्या ६ मार्चला प्रिन्स्टनपुढें ॲग्नेस स्कॉट कॉलेज उभें राहिलें. प्रिन्स्टन म्हणजे अमेरिकेंतल्या जुन्या, धनाढ्य आणि मानाच्या विद्यापीठांपैकीं एक; पदवीच्या वर्गांत त्या काळीं तेथें मुलींना प्रवेशच नव्हता, तो १९६९ सालीं मिळाला. ॲग्नेस स्कॉट हें जॉर्जिया संस्थानांतील डेकेटर गांवचें मुलींचें लहानसें महाविद्यालय. सामना अखेरपर्यंत हेलकावे खात राहिला. घड्याळ संपतां संपतां मुलींच्या संघांतील एका विद्यार्थिनीनें उत्तर दिलें, आणि गुण झाले २२० विरुद्ध २१५. ती विद्यार्थिनी दृष्टिहीन होती. पडद्यावर चित्र पाहून ओळखावयाच्या प्रश्नांत तिचा उपयोग नाहीं असें मानून कोणी तिला संघाबाहेर ठेवली असती तर काय झालें असतें, हें सांगावयास नकोच. कॉलेज बाउल दूरचित्रवाणीवर १९७० पर्यंत चालला आणि बंद पडला.

तोंवर त्याचें रोपटें इंग्लंडांत लागलें होतें. मँचेस्टर येथील ग्रॅनडा ह्या दूरचित्रवाणी कंपनीनें २१ सप्टेंबर १९६२ रोजीं ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ ह्या नांवानें तो खेळ सुरू केला. प्रश्नकर्ते म्हणून निवडले ते बँबर गॅस्कॉइन यांस. वय अवघें सत्तावीस. शिक्षण ईटन आणि केंब्रिज येथें झालेलें. सुरवातीस पुष्कळसे प्रश्नहि तेच तयार करीत. उत्तर चुकलें तर चुकणाऱ्यास लाज वाटूं नये अशा बेतानें तें सुधारावयाचें, ही त्यांची हातोटी. १९८७ अखेरपर्यंत त्यांनीं ९१३ कार्यक्रम चालविले. आपणांस त्यांची आणखी एक ओळख आहे: १९७१ सालीं त्यांनीं मोगल बादशहांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यांतील छायाचित्रें त्यांच्या पत्नी क्रिस्टिना यांनीं काढलेलीं होतीं. २०२२ सालीं ते वारले.

खेळाचे नियम थोडक्यांत असे. पहिला प्रश्न सर्वांस मोकळा. त्यास १० गुण. त्यांत संघांतील सोबत्यांशीं बोलावयाचें नाहीं. उत्तर बरोबर आलें तर त्या संघास एका विषयाचे तीन पुरवणी प्रश्न, प्रत्येकास ५ गुण. येथें मात्र चौघांनीं कुजबुजावें आणि कर्णधारानें उत्तर द्यावें. प्रश्न पुरा होण्यापूर्वीं कळ दाबून चुकीचें उत्तर दिलें तर ५ गुण वजा.

हा शेवटचा नियमच साऱ्या खेळाचा प्राण आहे. समजा, प्रश्नकर्ता म्हणूं लागला, “१६७४ सालीं रायगडावर...” आपल्यापैकीं कोणाचा हात तेथेंच कळेवर जाणार नाहीं? राज्याभिषेक, असें आपण ओरडणार. पण प्रश्न पुढें असा निघतो: “१६७४ सालीं रायगडावर शिवाजी महाराजांस राज्याभिषेक झाला, त्याच वर्षीं लंडनमध्यें कोणता अंध महाकवि निवर्तला?” उत्तर मिल्टन, आणि आपले पांच गुण गेले! किंवा तो असाहि वळेल कीं, त्या समारंभास हजर असलेला कंपनीचा इंग्रज वकील कोण? तेव्हां उत्तर हेन्री ऑक्झेंडन. म्हणजे खेळाडूनें उत्तर जाणावें एवढ्यानें भागत नाहीं. प्रश्न कोणीकडे वळणार हें प्रश्नकर्त्याच्या पहिल्या चार शब्दांवरून ताडावें लागतें. कॉलेजांत असतांना अशाच एका स्पर्धेंत मीं ‘पानिपत’ हा शब्द ऐकतांच कळ दाबली आणि सदाशिवरावभाऊंचें नांव मोठ्या ऐटींत सांगितलें. प्रश्न बाबराचा होता. आमचा संघ तेवढ्याच गुणांनीं हरला, आणि माझे तिघे सोबती पुढें आठवडाभर मला पानिपतकार म्हणून हांक मारीत.

आतां ह्या खेळानें इंग्लंडांत काय घडविलें तें पाहूं. पहिलें विजेतेपद १९६३ सालीं मिळालें तें ऑक्सफर्डला नव्हे, केंब्रिजलाहि नव्हे, लेस्टर विद्यापीठाला. लेस्टरला विद्यापीठाची सनद मिळाली होती १९५७ सालीं. १९६७ सालीं ससेक्स जिंकलें. त्याची स्थापना १९६१ ची. १९६८ सालीं कील. त्याची सनद १९६२ ची. १९६९ सालीं पुन्हां ससेक्स. हीं सारीं नवीं विद्यापीठें. ज्यांच्या इमारतींचा चुना अजून वाळला नव्हता अशा संस्थांचीं मुलें सातशें वर्षांच्या परंपरेपुढें बसून गुण मिळवीत आहेत, हें दृश्य त्या दशकांतील इंग्लंडास फार महत्त्वाचें वाटलें असल्यास नवल नाहीं. उच्च शिक्षणाचे दरवाजे तेव्हां नुकतेच रुंद होत होते. मुलगा कोठल्या विद्यापीठांत शिकतो, असें शेजाऱ्यानें विचारल्यावर सांगावयास लाज वाटूं नये, एवढें काम ह्या अर्ध्या तासाच्या कार्यक्रमानें पुष्कळ आईबापांसाठीं केलें असेल.

पण १९७० पासून चित्र पालटलें. १९७० ते १९७६ हीं सात वर्षें ओळीनें विजेतेपद ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजच्याच कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाकडे गेलें. कोणत्या ना कोणत्या महाविद्यालयाकडे, असें मी म्हणालों, आणि तंटा नेमका येथेंच आहे. लीड्स, मँचेस्टर, ब्रिस्टल यांसारख्या विद्यापीठांनीं प्रत्येकीं एक संघ पाठवावयाचा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांना मात्र त्यांच्या प्रत्येक महाविद्यालयाचा वेगळा संघ पाठवितां येई. आणि दोहोंकडे अशीं महाविद्यालयें तिसांच्या आसपास. हजारों विद्यार्थ्यांच्या मँचेस्टरला एक दार, आणि कांहींशें विद्यार्थ्यांच्या एका केंब्रिज कॉलेजलाहि एक दार.

१९७५ सालीं मँचेस्टरचा संघ केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजपुढें बसला. मँचेस्टरच्या चौघांत डेव्हिड आरोनोविच हे एक होते. पुढें ते पत्रकार म्हणून नांवारूपास आले. मौज अशी कीं, हे गृहस्थ आधीं ऑक्सफर्डच्या बॅलिअल कॉलेजांतच दाखल झाले होते, आणि जर्मन भाषेच्या परीक्षेंत घसरल्यामुळें त्यांस तेथून बाहेर पडावें लागलें होतें. सामना सुरू झाला. पहिला प्रश्न येतांच मँचेस्टरच्या बाजूची कळ वाजली. निवेदकानें शिरस्त्याप्रमाणें विद्यापीठाचें आणि विद्यार्थ्याचें नांव पुकारलें. उत्तर आलें: “ट्रॉट्स्की.” चूक. पुढला प्रश्न, पुन्हां मँचेस्टरची कळ, “लेनिन.” पुढें “कार्ल मार्क्स.” पुढें “चे गव्हेरा.” प्रश्न कशाचाहि असो, उत्तर ह्या चौघांपैकीं एका क्रांतिकारकाचें. गॅस्कॉइनसारखा सौजन्यशील माणूस काय करणार? प्रत्येक उत्तर चुकीचें ठरवीत ते शांतपणें पुढला प्रश्न वाचीत राहिले.

तो पोरकटपणा होता, असें पुष्कळांनीं म्हटलें, आणि होताहि. परंतु त्याची धार कोठें लागली तें पाहा. ज्या खेळांत अचूक उत्तरासच किंमत, त्यांत मुद्दाम चुकीचें उत्तर देणें हाच एक मार्ग खेळाडूच्या हातांत उरतो. वीस वर्षांपूर्वीं अमेरिकेंत स्टेम्पेल चुकला तो चालकांच्या हुकमावरून; हे चौघे चुकले ते चालकांच्या नियमाविरुद्ध. शिवाय तक्रार खोटी नव्हती. महाविद्यालय म्हणजे विद्यापीठ नव्हे, आणि स्पर्धेचें नांव तर विद्यापीठांचें!

आपल्या लोकांस मात्र ही तक्रार चटकन् उमगावयाची नाहीं, याचें कारण आपल्या विद्यापीठांच्या घडणींत आहे. १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथें विद्यापीठें स्थापन झालीं तीं लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविण्याचें काम एल्फिन्स्टन किंवा विल्सन अशा महाविद्यालयांनीं करावें, विद्यापीठानें परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, अशी ती वांटणी. त्यामुळें आपला अभिमान महाविद्यालयाचा. विद्यापीठाचें नांव पदवीच्या कागदापुरतें. लंडनचेंहि तसेंच, तेथील महाविद्यालयेंसुद्धां ह्या स्पर्धेंत आपापले स्वतंत्र संघ पाठवीत आलीं आहेत. ही बाजू मँचेस्टरच्या चौघांनीं विचारांत घेतलेली दिसत नाहीं. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या महाविद्यालयांत विद्यार्थी राहतो, जेवतो, शिकतो; त्याची निष्ठा त्या भिंतींशीं असते. तरीहि प्रत्येक भिंतीआड एक विद्यापीठ मोजावें काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि मला तरी त्यांत मँचेस्टरची बाजू जड वाटते.

ह्यानंतरच्या एका विजयाचा उल्लेख मला केलाच पाहिजे. १९८४ सालीं ओपन युनिव्हर्सिटी विजेती ठरली. नोकरीधंदा संभाळून, टपालानें आलेले धडे आणि नभोवाणी-दूरचित्रवाणीवरील व्याख्यानें यांच्या आधारानें शिकणाऱ्या प्रौढांचें हें विद्यापीठ. त्याचे पहिले विद्यार्थी १९७१ सालीं शिकूं लागले. दिवाणखान्यांतल्या पेटींतून शिकलेल्या माणसांनीं त्याच पेटींत येऊन वसतिगृहांतल्या मुलांवर मात करावी, हें आपल्या ह्या माध्यमाच्या मित्रांस तरी सुखविणारें आहे. तीन वर्षांनीं, १९८७ च्या अखेरीस, ग्रॅनडाच्या वाहिनीवरून हा कार्यक्रम गेला. १९९४ सालीं तो बी. बी. सी. वर परत आला. ह्या वेळचे प्रश्नकर्ते जेरेमी पॅक्समन. राजकारण्यांस घाम फोडणारे मुलाखतकार म्हणून त्यांची ख्याति, आणि चुकलेल्या विद्यार्थ्याकडे ते ज्या नजरेनें पाहत तिची तुलना गॅस्कॉइन यांच्या नजरेशीं करण्यांत अर्थ नाहीं.

मँचेस्टरची गोष्ट मात्र अजून संपलेली नाहीं. विद्यापीठाच्या ग्रंथालयांतील एक गृहस्थ वर्षानुवर्षें संघाची निवड आणि तयारी करून घेऊं लागले. प्रश्नांचे ढीग, सराव, कळेवरचा हात. ज्या विद्यापीठानें एकदां स्पर्धेची थट्टा केली, तें आतां तिचा अभ्यास करूं लागलें. २००६ सालीं मँचेस्टर जिंकलें. २३ फेब्रुवारी २००९ रोजीं दाखविलेल्या अंतिम सामन्यांत तें पुन्हां येऊन पोहोंचलें, आणि समोर होतें ऑक्सफर्डचें कॉर्पस क्रिस्टी कॉलेज. कॉर्पसच्या कर्णधार लॅटिनचें संशोधन करणाऱ्या एक विद्यार्थिनी. संघाचे सुमारें दोन तृतीयांश गुण त्यांनीं एकट्यांनीं मिळविले होते; आधींच्या एका सामन्यांत त्यांच्या संघानें एक्झेटरला ३५० विरुद्ध १५ असें धुऊन काढलें होतें. त्यांची वाखाणणी झाली, आणि मुलीनें इतकें हुशार असावें काय, अशा थाटाची कुत्सित चर्चाहि झाली. एवढें पाठांतर एखाद्या तरुणानें दाखविलें असतें तर त्याच्या केसांविषयीं आणि स्मितहास्याविषयीं कोणी चार ओळी लिहिल्या असत्या असें मला वाटत नाहीं.

अंतिम सामना कॉर्पसनें २७५ विरुद्ध १९० असा जिंकला. पण आठवडा उलटतो न उलटतो तों बातमी आली कीं, त्यांच्या संघांतील एकाचा अभ्यासक्रम २००८ च्या उन्हाळ्यांतच संपला होता. सामन्यांचें चित्रण कित्येक महिने चाललें होतें, आणि चित्रण संपेपर्यंत प्रत्येक जण विद्यार्थी असलाच पाहिजे असा नियम. २ मार्च रोजीं बी. बी. सी. नें विजेतेपद काढून घेतलें आणि तें मँचेस्टरला दिलें. चौतीस वर्षांपूर्वीं ज्यांनीं नियम अन्यायाचा म्हणून चुकीचीं उत्तरें दिलीं होतीं, त्यांच्याच विद्यापीठाला नियमाच्या काटेकोरपणानें विजय मिळाला. आणि तोहि ऑक्सफर्डच्या एका महाविद्यालयावर! त्यानंतर २०१२ आणि २०१३ अशीं लागोपाठ दोन वर्षें मँचेस्टर समोरासमोर जिंकलें, तेव्हां त्या विजयास कोणाची हरकत राहिली नाहीं.

आपल्या देशांतहि हा खेळ आला. त्याची पूर्वतयारी तशी जुनीच होती. १९७२ सालीं सुरू झालेली बोर्नव्हिटा प्रश्नमंजूषा आधीं हमीद सयानी आणि त्यांच्या निधनानंतर त्यांचे बंधु अमीन सयानी नभोवाणीवरून चालवीत. १९८५ सालीं सिद्धार्थ बसू यांनीं दूरदर्शनवर ‘क्विझ टाइम’ रंगविला. त्याच बसूंनीं पुढें २००३ पासून बी. बी. सी. वर्ल्डसाठीं युनिव्हर्सिटी चॅलेंजची भारतीय आवृत्ति चालविली. २००४ च्या मार्चमधील तिचा पहिला अंतिम सामना मुंबईच्या अंधेरीतील सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयानें जिंकला. धनबादचें खाणविद्येचें महाविद्यालय हरलें. दुसऱ्या वर्षीं त्याच महाविद्यालयाचा दुसरा संघ आला आणि इंदूरच्या व्यवस्थापनसंस्थेस हरवून गेला. भारतीय विद्या भवनानें हें महाविद्यालय काढलें तें १९६२ सालीं, म्हणजे मँचेस्टरमध्यें पहिली कळ वाजली त्याच वर्षीं. यंत्रांचा अभ्यास करणाऱ्या मुंबईच्या मुलांनीं चित्रकलेपासून पुराणकथांपर्यंतचे प्रश्न सोडविले, आणि तेहि लोकल गाडीनें ये-जा करून, हें ऐकून पुण्याच्या माझ्या एका मित्रानें नुसतीच मान हलविली.

पॅक्समन २०२३ सालीं निवृत्त झाले. त्यांच्या जागीं अमोल राजन आले. जन्म कलकत्त्याचा, बालपण दक्षिण लंडनमधील टूटिंग येथलें, आणि पदवीचें शिक्षण केंब्रिजच्या डाउनिंग कॉलेजांत. १९७५ सालीं मँचेस्टरच्या चौघांसमोर बसलें होतें तेंच हें कॉलेज. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या महाविद्यालयांनीं आपापले संघ वेगवेगळे पाठवावे, हा नियमहि अजून तसाच चालू आहे.